वाचनालयाच्या एका फळीसाठी: शाश्वत जगण्यावर काय वाचावं, ऐकावं, बघावं?

माडाखालची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहते. मुंबई सोडून सहा वर्षं झाली. गावात 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. दोन खोल्या, चार कपाटं, सकाळी पेपर वाचायला येणारे नऊ-दहा म्हातारे आणि संध्याकाळी पंख्याखाली अभ्यासाला बसणारी दहावीची पोरं. यंदा समितीने मला एक फळी आणि ६००० रुपये दिलेत, "पर्यावरणाचं कायतरी कर" म्हणून. शिवाय शाळेने बाद केलेला प्रोजेक्टर मिळालाय. चालतो, पण चित्र पिवळट येतं. सगळे समुद्र चहासारखे दिसतात.

गेली दोन वर्षं मी स्वतः बरंच पाहिलं, वाचलं, कानात घालून ऐकलं. होतं काय, की माहितीपट संपला की दोन दिवस जीव कासावीस होतो आणि तिसऱ्या दिवशी मी स्टीलची बाटली विकत घेते. घरात आता पाच बाटल्या आहेत. नवरा म्हणतो, अजून एक बघितलास तर भांड्यांचं दुकानच काढू.

म्हणून एक अट घालते. नुसतं "छान आहे, जरूर वाचा" नको. जे वाचलंत, ऐकलंत, पाहिलंत त्यामुळे तुम्ही काय केलंत, काय सोडलंत, काय फसलं, ते लिहा. फळी नववीतल्या पोरीला चालली पाहिजे आणि रापणीचं जाळं ओढणाऱ्या तात्यांनाही.

आणि फळीला नाव सुचवा. मी 'शाश्वत विकास' अशी पट्टी लावली तर अध्यक्ष म्हणाले, "सोसायटीची दप्तरं हय कित्याक आणलस?" आमच्याकडे विकास म्हणजे विकास सोसायटी. पीककर्ज देते ती.

तिरका_खेकडा

६००० मध्ये फळीच येईल. सागवानी घेतलीत तर अर्धीच.

पुणेकर_विस्थापित

डोळे झाकून डेव्हिड अटेनबरोंचा २०२५ चा 'ओशन' हा माहितीपट. समुद्राच्या तळावरून ट्रॉलरचं जाळं ओढताना आतून कसं दिसतं, हे त्यात दाखवलंय. मासे जीव घेऊन पळतायत आणि मागून सगळा तळ खरवडत जाळं येतंय. मी खुर्चीत गोठलो होतो. नव्व्याण्णवाव्या वाढदिवशी माणूस हे घेऊन येतो, आपण काय करतो?

माडाखालची

@पुणेकर_विस्थापित, तुम्ही काय केलंत हाच माझा प्रश्न होता :)

पुणेकर_विस्थापित

सुरमई सोडली. अडीच महिने. मग मेहुण्याचं लग्न आलं, मालवणात.

तरवा

पुण्याहून सुरमई सोडणं सोपं असतं हो.

माझा अनुभव लिहितो. मी दापोलीकडचा. जपानी शेतकरी फुकुओकांचं 'एका काडातून क्रांती' वीसेक वर्षांपूर्वी हातात पडलं आणि डोक्यात वारं भरलं. नांगरणी नाही, रासायनिक खत नाही, औषध नाही, बेणणी (खुरपणी) नाही. पेंढा शेतात परत पसरायचा, मातीच्या गोळ्यांतून बी टाकायचं आणि निसर्गाला काम करू द्यायचं. त्या वर्षी मी वडिलांशी भांडून तीन गुंठे मागून घेतले. गोळ्या केल्या, मे अखेरीस टाकल्या.

७ जूनच्या रात्री जो कोसळला तो सकाळपर्यंत. माझ्या गोळ्या खालच्या काकांच्या मळ्यात. काकांनी दसऱ्याला येऊन सांगितलं, "तुझं भात छान आलंय हो माझ्याकडे." वडील त्यावर काही बोलले नाहीत, फक्त हसले. ते हसणं मला आजही आठवतं.

पुस्तक खोटं नाही. तो माणूस जपानातल्या शिकोकू बेटावर, तिथल्या मातीत, तिथल्या पावसात वर्षानुवर्षं चुका करत तिथवर पोचला. मी त्याची कृती उचलली आणि त्याच्या चुका करायच्या वगळल्या. आमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बराचसा दोन महिन्यांत, तोही उतारावर.

पण एक गोष्ट राहिली. भात कापल्यावर ओल असते तेव्हा कुळीथ-पावटा टाकून वर पेंढा पसरायचा, ते अजून करतो. पातेरा जाळत नाही. रोपवाटिकेसाठी भाजावळ करायची आमच्याकडे पद्धत, कवळं (झाडांच्या पानाळ फांद्या) तोडायची, शेण, पातेरा, गवत थरावर थर आणि काडी. ती मी थांबवून गादीवाफ्यावर शेणखतात तरवा (भाताची रोपं) घेतो. पहिली दोन वर्षं तण जास्त आलं, खरं सांगतो. भाजलेल्या जमिनीत तण येत नाही, आजोबा काय वेडे नव्हते. पण कवळं तोडून तोडून ऐन आणि किंजळीची झाडं नुसते खांब झाले होते, ती आता डेरेदार झालीत.

तर फळीवर ठेवा. पण आत एक चिठ्ठी चिकटवा: "गोळ्या पहिल्या पावसानंतर, बांध घालून."

अण्णा_गुहागर

तरवा, तुमच्याच तालुक्यातलं राहिलं की. कुडावळ्याचे दिलीप कुलकर्णी. पुण्यातली नोकरी सोडून गावात येऊन राहिले, 'गतिमान संतुलन' नावाचं मासिक चालवलं, 'निसर्गायण' लिहिलं. मराठीत, आपल्या पावसात राहून लिहिलेलं आहे. मुद्दा साधा: गरजा किती हे आधी ठरवा, मग बाकीचं.

मी वाचून फ्रिज बंद केला होता. आठ महिने. सौ. नी नवव्या महिन्यात माझं जेवण बंद करायची धमकी दिली. फ्रिज चालू आहे, एसी मात्र घेतला नाही. कौलं काढून पत्रा घालायचा बेत होता, तोही सोडला. कौलांची दुरुस्ती दरवर्षी, माकडं दररोज, पण एप्रिलात दुपारी माजघरात झोप लागते.

मिनी_पर्ससीन_नाय_रे_बाबा

तां समुद्राचा फिलिम मी पण बघलंय. मोबाईलार. मागे पागेरो तसोच पडलेलो आणि मी बघतंय. फिलिम बरा आसा. पण माका एक सांगा, तुमका रापण म्हायत आसा काय?

होडयेतसून जाळा अर्ध्या गोलात सोडतत, मगे दोनय टोकां किनाऱ्यार उभी रवान वडतत. म्हातारे, पोरां, बायलमाणसां. वडूक हात लावलो तेका वाटो. शाळेतलो पोरगो इलो तरी तेका चार बांगडे. आता बाहेरचे लोक फिलिम बघतत आणि आमका सांगतत, "मासेमारी बंद करा, समुद्र संपलो." अरे, संपवलो कोणी? बटव्याची नाडी वडल्यासारखा जाळा वडून अख्खो थवो उचलणारे पर्ससीनवाले येगळे, रात्री एलईडी लावन दर्यात दिवस करणारे येगळे. एलईडीक केंद्रान २०१७ साली बंदी घातली. पर्ससीनार राज्यान २०१६ साली निर्बंध घातले. कागदार. काळोखात आमच्या पडवीतसून दिवे मोजूक या, चाय पाजतंय.

फिलिमवाले सगळ्यांका एकाच जाळ्यात पकडतत, माझी तक्रार इतकीच.

माडाखालची

दादा, हे तुम्ही आमच्या वाचनालयात येऊन बोलाल का?

मिनी_पर्ससीन_नाय_रे_बाबा

नारळी पुनवेआधी बोलवा. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, मी मोकळोच आसतंय.

भरतीओहोटी

दादांचं बरोबर आहे, पण रापणीत बारीक मासळी येत नाही असंही नाही. मी स्वतः रापण ओढलीय. बोटाएवढे सौंदाळे ढिगाने येतात, मग ते खत म्हणून माडाच्या मुळात जातात. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. राज्यमासा म्हणून मिरवायचं आणि तळहातापेक्षा लहान पापलेट वाट्यावर विकायचं, हे बाजारात रोज चाललेलं आहे. घेणारे आपणच. बाजारात पट्टी घेऊन जाणारी एक मैत्रीण आहे माझी. कोळणी तिला बघून टोपली झाकतात. :D

मिनी_पर्ससीन_नाय_रे_बाबा

बारीक मासळी येता. कबूल. आदी जाळ्याचो आस (भोक) मोठो होतो, आता आमी पण बारीक केलो. पोट आसा.

कातळफूल

माहितीपटांबद्दल एक सावधगिरीची सूचना. २०२१ चा 'सीस्पिरसी' खूप गाजला, आमच्या स्टाफरूममध्ये तीन जणींनी मासे सोडले (दोघी परत आल्या). त्यात २०४८ पर्यंत समुद्र रिकामे होतील असा दावा आहे. तो आला २००६ च्या एका शोधनिबंधातून. त्या निबंधाचा मुख्य लेखक आणि त्याचा सगळ्यात कडवा टीकाकार, दोघांनी मिळून २००९ मध्ये नव्याने आकडे तपासले आणि चित्र इतकं सरळ नाही, जिथे नीट नियमन होतं तिथे साठे सावरतात, असं लिहिलं. म्हणजे माहितीपट निघायच्या बारा वर्षं आधीच उत्तर छापलेलं होतं. मी मुलांना आधी तो तुकडा दाखवते आणि मग ही गोष्ट सांगते. चुकीचा माहितीपटही उपयोगी पडतो, दाखवणारा शेजारी उभा असला तर.

दुसरं. ज्यावर माहितीपट निघत नाही ते आपल्याला दिसतच नाही. आमच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) आठ महिने काळा कातळ. सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीलायक नसलेली जमीन. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर पाण्याच्या पातळ थरात गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात (ही इवलीशी निळी-जांभळी झाडं किडे खातात, मुलांना हे सांगितलं की पुढचा तासभर शांतता), दीपकाडीसारखी फक्त आपल्याच पट्ट्यात सापडणारी फुलं. कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली म्हणून सड्यावर पाटी लागली, फुलांसाठी कोणी लावली नव्हती. मी बारा रुपयाचं प्लॅस्टिकचं भिंग प्रत्येकी एक देऊन मुलांना दोन तास पालथं झोपवते. ६००० मधले तीनशे भिंगांवर घालवा, माझं ऐका.

तिरका_खेकडा

पोटखराबा हे नाव माझ्या डॉक्टरांनी पण दिलंय.

हापूस_पेटी

इतका वेळ गप्प वाचत होतो. आता लिहितो, कडू वाटलं तर वाटू दे.

मी बागायतदार. ज्या कातळावर ताईंची फुलं फुलतात, तिथेच माझ्या वडिलांनी सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली, कलमं लावली आणि कावडीने पाणी घातलं. त्या कलमांवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. माहितीपटात आमचा शॉट कसा येतो? जेसीबी, मागे दुःखी बासरी.

पॉडकास्ट मी खूप ऐकतो. एप्रिल-मे मध्ये रात्री एकपर्यंत पेट्या भरायच्या असतात, पेंढा अंथरायचा, आंबा निवडायचा, हात रिकामे नसतात, कान रिकामे असतात. इंग्रजी, हिंदी, मिळेल ते. त्यातून एक गोष्ट कळली. 'तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा' हे जे आपण सगळे घोकतो, ते घरोघरी पोचवलं एका बड्या ब्रिटिश तेल कंपनीच्या जाहिरातींनी, २००५ च्या आसपास. म्हणजे तेल त्यांनी काढायचं आणि हिशेब आपण ठेवायचा. त्या रात्रीनंतर मी स्वतःला दोष देणं कमी केलं आणि प्रश्न विचारणं वाढवलं. अट होती ना, काय बदललं सांगा? हे बदललं.

दुसरं, पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा गाडगीळ समितीचा अहवाल. सगळे त्यावर बोलतात. ऑगस्ट २०११ मध्ये दिला, मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. आमच्या ग्रामसभेत विरोधाचा ठराव एकमताने झाला, हात मीही वर केला होता. अहवाल किती जणांनी वाचला होता? शून्य. "घर बांधता येणार नाही, गुरं पाळता येणार नाहीत, आंबा तोडता येणार नाही." पाच वर्षांनी पॉडकास्ट ऐकून चीड आली म्हणून डाउनलोड करून वाचायला घेतला, शब्दकोश मांडीवर. त्यात ठिकठिकाणी लिहिलंय की निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या! जिथे आम्ही न वाचता नाही म्हटलं, तिथेच आम्हाला विचारा म्हणून लिहिलेलं. सगळं पटलं असं नाही. फवारण्यांबद्दल लिहायला कोणाचं काय जातं? तुडतुडा आणि थ्रिप्स अहवाल वाचत नाहीत. पण आधी वाचायला हवा होता.

फळीवर तो ठेवा. छापून, बाइंडिंग करून, कोकणापुरती पानं मराठीत करून. पुस्तकांपेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

कातळफूल

@हापूस_पेटी, बासरीबद्दल माफी :) तुमचे वडील थोरच. मी सगळा सडा सोडा म्हणत नाही, पाणी साठतं ते खोलगट तुकडे तेवढे सोडा म्हणते. त्यातलं पाणी मुरून तुमच्याच खालच्या विहिरीला जातं.

हापूस_पेटी

कुठले ते दाखवायला या. आंब्याचा हंगाम सोडून.

नळपाणी

विहिरीचा विषय निघाला म्हणून. अनुपम मिश्र यांचं 'आज भी खरे हैं तालाब'. हिंदी आहे, १९९३ चं. लेखकाने हक्क राखून ठेवलेच नाहीत, कोणीही छापा, वाटा. पैसे वाचतील.

राजस्थानातली तळी वाचून कोकणात काय करायचं असं मलाही वाटलं होतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि अक्षय्य तृतीयेला टँकर येतो. जांभा भोकाभोकांचा, पाणी धरत नाही. पण त्या पुस्तकात तळ्यापेक्षा माणसं जास्त आहेत: कोणी जागा बघायचा, कोणी गाळ काढायचा, कोणाचा मान काय. ते वाचून आम्ही वाडीतल्या अकरा घरांनी दिवाळीनंतर व्हाळावर (ओढ्यावर) वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती-वाळू, एक रविवार, दुपारी मटण-वडे. खर्च वड्यांचाच जास्त. विहीर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तळाला जायची, त्या वर्षी मेच्या मध्यापर्यंत टिकली. पुढच्या वर्षी चार घरं आली नाहीत (मागचा मानपान), यंदा परत आली.

पुणेकर_विस्थापित

वेगळाच मुद्दा. हे सगळे माहितीपट आपण स्ट्रीम करतो, त्याचं काय? कुठेतरी वाचलं होतं की अर्धा तास व्हिडिओ म्हणजे दीड किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड.

भरतीओहोटी

ते जुनं आणि चुकलेलं आहे. ज्या फ्रेंच गटाने २०१९ मध्ये तो आकडा दिला, त्यांच्या गणितात बिट आणि बाइटची गल्लत होती, नंतर त्यांनी मान्यही केलं. २०२१ मध्ये कार्बन ट्रस्ट या संस्थेने युरोपची सरासरी तासाला ५५ ग्रॅमच्या आसपास काढली. त्यातही बराचसा भाग बघायच्या यंत्राचा, मोठा टीव्ही जास्त खातो, मोबाईल कमी.

तिरका_खेकडा

५५ ग्रॅम म्हणजे दोन पेडवे. चालेल.

मिनी_पर्ससीन_नाय_रे_बाबा

किमान आकारात बसतत काय ते बघ आदी.

वाळूतली_पावलं

मंडणगडकडची. आमच्या बाजूला वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये कासवांचं काम सुरू केलं, नंतर कासव महोत्सव सुरू झाला. मी दुसऱ्या एका किनाऱ्यावर मदत करते. 'कासव' चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं त्यानंतर आमच्याकडे गर्दी वाढली. एक जोडपं आलं आणि विचारलं, "सिनेमात दाखवलंय तसं कुठे आहे?" सिनेमा मुळात नैराश्याबद्दल आहे हो, कासव तिथे पाहुणं. त्यांना मी खळग्यातली अंडी दाखवली, शंभराच्या आसपास असतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं येतील म्हटलं तर म्हणाले, "आज नाही का?"

माझा बदल सांगते. एका माहितीपटात वाळूचं तापमान वाढलं की माद्या जास्त निघतात हे पाहिलं. तोवर मी रोज नोंदवहीत तापमान लिहीत होते, का लिहायचं ते माहीत नसताना. सांगितलं म्हणून लिहायचं. त्या दिवसापासून एकही नोंद चुकवली नाही. आकडे तेच, पण आता वाळू चटका द्यायला लागली की छातीत धस्स होतं. आमच्या आजीला विचारलं तर म्हणाली, पूर्वी अंडी आणून खायचो, चव काय खास नाही. तीच आजी आता पर्यटकांना "बॅटरी बंद करा" म्हणून ओरडते. तिने एकही माहितीपट पाहिलेला नाही. नातवाच्या घरगुती खानावळीला गिऱ्हाईक मिळतं हे तिने पाहिलं.

अण्णा_गुहागर

पॉडकास्ट म्हणजे काय ते मला नातीने समजावलं. म्हटलं, म्हणजे 'माझे घर माझे शेत' की! कांदे कापता कापता ऐकायचो आम्ही आकाशवाणीवर. टीव्हीवर 'आमची माती आमची माणसं'. ऐकताना कोणी आपल्याला अपराधी वाटवून देत नसे. करपा आला तर काय करावं ते सांगत आणि मग लावणी लागे.

तरवा

अण्णा, फवारा पण त्यांनीच शिकवला हो.

अण्णा_गुहागर

तेही खरं.

माडाखालची

मंडळी, खबर द्यायला आले. उशीर झाला, गणपती मध्ये आले.

'ओशन' मधला ट्रॉलरचा तुकडा दाखवला. देवळाच्या सभामंडपात, पडदा म्हणून मतदानाच्या दिवशी टेबलावर घालतात ती चादर. ३४ माणसं आली, त्यातली दहा प्रसादाला. पिवळ्या समुद्रात जाळं आलं, मासे पळायला लागले आणि तात्या उठून उभे राहिले. मला वाटलं रडतायत. म्हणाले, "थांबव ता!" थांबवलं. "ह्या जाळ्याचा खालचा दोर बघ. लोखंडी साखळी हा. आमच्या दोराक शिसा आसता, इतक्या इतक्या." आणि बोटाच्या पेरावर दाखवलं. मग चाळीस मिनिटं फिलिम तिथेच अडकलेली. पडद्यावर एक मासा तोंड उघडून थांबलेला आणि समोर म्हातारे भांडतायत की खाडीत मुळे (शिंपले) कधीपासून कमी झाले. एक म्हणे पूल झाला तेव्हापासून. दुसरे म्हणे वाळूचे ड्रेजर आले तेव्हापासून. तेवढ्यात मागून एक काकी, ज्या कधीच बोलत नाहीत, म्हणाल्या, "आमी मुळे काढूक जावचो तेवा बारीक परत चिखलात टाकूचो. सासूचो नियम. आता टोपलीत पडता ता सगळा येता, हाटेलवालो बारीकपण घेता." सगळे गप्प.

त्या बोलण्याचं मी फोनवर रेकॉर्डिंग केलं. मनात म्हटलं, झाला पॉडकास्ट. घरी ऐकलं तर पंख्याची घरघर, एक कोंबडा, तात्यांच्या सात शिव्या, आणि काकींच्या वाक्यावर नेमकी कोणाची तरी खुर्ची सरकलेली. काही कळत नाही. परवा त्यांच्या घरी जाऊन पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "मी कायेक बोलाक नाय बाय." दारावरून हटेनात. शेवटी ओहोटीला मला सोबत खाडीत घेऊन गेल्या. पाय कुठे ठेवायचा, चिखलातलं भोक मुळ्याचं की किड्याचं, दोन बोटांएवढा नसला तर टाकायचा. तिथे फोन नेता येत नाही. पाय कापला, दोन तासांत अर्धी टोपली झाली.

@मिनी_पर्ससीन_नाय_रे_बाबा, तुम्ही आला नाहीत!

मिनी_पर्ससीन_नाय_रे_बाबा

मशीन बिघाडला होता गे बाय. पुढच्या जूनात खरा.

कातळफूल

काकींचं ते वाक्य लिहून काढा हो. हाताने, मोठ्या अक्षरात. फळीवर लावा.

हापूस_पेटी

कोकणाची पानं करतोय मराठीत. अकरा झाली. 'इकोलॉजिकली सेन्सिटिव्ह' ला काय लिहू? 'परिस्थितिकीयदृष्ट्या संवेदनशील' लिहिलं तर परत सगळे हात वर करतील.

तरवा

'जपून वागायची जागा'.

हापूस_पेटी

घेतो.

तिरका_खेकडा

सगळं झालं, फळीचं काय झालं ते सांगा. सागवानी की अर्धी?

माडाखालची

फळी आणलीच नाही. तात्यांच्या मोडक्या पातीची (होडीची) एक फळी पडवीत होती, मासळीचा वास येतो पण पक्की आहे. 'निसर्गायण', फुकुओका (चिठ्ठीसकट), मिश्र यांचं हिंदी पुस्तक आणि वीस भिंगं, एवढं आलंय. एक भिंग पहिल्याच दिवशी गेलं. ४१०० शिल्लक आहेत. नाव अजून ठरलं नाही, पोरं तिला 'वासाची फळी' म्हणतात.

आता एक तातडीचं: फळीच्या मागच्या बाजूला वाळवी दिसतेय. काजूच्या बियांच्या टरफलांचं तेल लावायचं म्हणतात तात्या, होडीला लावतात ते. कागदाला डाग पडतील का? कोणी लावलंय?

नळपाणी

पडतात. आठ दिवस उन्हात सुकवा, मग पुस्तकं ठेवा. आणि हात लावू नका उघड्याने, फोड येतात.